हातचा

दलाल म्हणाला, स्टेशन चार मिनिटांवर.
मी चालून पाहिलं: माझ्या पायांनी सहा,
बर्फ असला की नऊ.
तो हसला. भाव चार मिनिटांवर ठरतो, मिल्का,
पाय कुणाचे ते कोण विचारतं.

शिकागोच्या या भागात गाडी लोखंडी खांबांवरून धावते,
घरांच्या खिडक्यांना
कोपर घासत.
इमारत विटांची, तीन मजली, सहा फ्लॅट.
प्रत्येकाचे कागद वेगळे,
छप्पर सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही.
मागे राखाडी रंगाचा लाकडी जिना.
इन्स्पेक्टरनं त्याची तिसरी पायरी बुटानं दाबली
आणि वहीत काहीतरी लिहिलं, पान माझ्यापासून आड धरून.

एकवीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत रात्रपाळी केली.
हजारो चादरी मोजल्या.
आकडे मला फसवणार नाहीत
असं वाटायचं.
भावानं, ड्रागोल्यूबनं, ट्रक विकला.
मी पेन्शन मोडली.
बँकेनं उरलेले दिले आणि तीस वर्षं मागून घेतली,
माझ्याकडे तेवढी आहेत का, हे न बघता.
रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही मांडलं:
पाच फ्लॅटचं भाडं,
वजा व्याज, वजा कर, वजा बॉयलर,
वजा एखादा रिकामा महिना.
जुळेना.
सहावा धरला की जुळायचं.

सहावा विकायचा नव्हता.
तिसरा मजला, रुळांच्या बाजूचा.
ओफेलिया बाराहास, वय एक्क्याऐंशी, कर्ज शून्य.
आज ना उद्या येईल तोही, दलाल म्हणाला,
वय तुमच्या बाजूनं आहे.
मी गप्प बसले. तेही सहीसारखंच झालं.
ड्रागोल्यूबनं पेन्सिलीनं वर कोपऱ्यात बारीक एक लिहिला,
शाळेत हातचा लिहायचो तसा.

आता सोसायटीची सभा तिच्या स्वयंपाकघरात भरते.
सभासद दोन. मतं सहा: माझी पाच, तिचं एक.
ती दालचिनी घातलेली कॉफी करते
आणि पाचाविरुद्ध एक अशी
दर वेळी शांतपणे हरते.
छप्पर: मंजूर. जिना: मंजूर.
मासिक वर्गणीत वाढ: मंजूर,
तिचा चेक तिथेच, आधीच लिहून ठेवलेला,
अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

गाडी आली की आम्ही दोघी थांबतो.
कपाटातले पेले एकमेकांना लागतात,
वाक्य जिथं असेल तिथं राहतं.
अकरा सेकंद. मी मोजलेत.
ती मोजत नाही, ती खिडकीतून बघते,
आज कोण उशिरा, कुणाच्या हातात केक,
कोण कालच्याच कपड्यांत.
या अकरा सेकंदांसाठी दलालानं भाव कमी केला होता.
चार मिनिटांसाठी वाढवला होता.
गाडी एकच.

स्टेशनला आता लिफ्ट बसतेय, नवं काचेचं छत.
ड्रागोल्यूब फोनवर ओरडतो, सांगितलं नव्हतं तुला?
शेजारची इमारत दीडपट भावाला गेली.
तळमजल्यावरचा ट्रेमेन
पहाटे तीनला विमानतळावर सामान चढवायला जातो.
गाडी आहे म्हणून इथं राहतो.
गाडी आहे म्हणूनच त्याला इथं राहणं
परवडणार नाही, जूनपासून.
पत्र माझ्या पर्समध्ये आहे, दुमडलेलं.

काल इतिवृत्तावर सही करताना ओफेलियानं विचारलं,
त्या पोराला किती वाढवणार आहेस?
आणि लगेच, आवाज न बदलता,
मी मेल्यावर या खोलीचं किती येईल?
पहिल्याचं उत्तर मला पाठ होतं.
दुसऱ्याचं टेबलावरच्या कागदात, कोपऱ्यात,
पेन्सिलीनं लिहिलेलं.

मी तोंड उघडलं.
पेले किणकिणू लागले.
तिनं खिडकीकडे मान वळवली
आणि मी, देवा, पहिल्यांदाच,
गाडी लांबलचक असावी म्हणून
एकेक डबा मोजत राहिले.